तिथी पाहून गळ टाकावा: सिंधुदुर्गातील तळी, खाडी आणि खडपांवरची मासेमारी

गळाने मासे धरायला कोकणात जाणारा शहरी माणूस आधी सुट्ट्या पाहतो, मग राहण्याची सोय पाहतो, मग नवा रॉड विकत घेतो आणि भरती-ओहोटीची चौकशी बहुधा मालवणात उतरल्यावर करतो. माझ्या मते हा क्रम मुळापासून बदलला पाहिजे. सिंधुदुर्गात पाच दिवसांच्या एकाच सहलीत गोड्या पाण्यातली मरळ, खाडीतला जिताडा आणि समुद्रातल्या खडपावरची, म्हणजे पाण्याखालच्या खडकावरची, तांबोशी व हेकरू यांच्यामागे जाता येते. पण त्यासाठी सहलीचे दिवस तिथी पाहून ठरवावे लागतात. रॉड कोणता घ्यावा आणि ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, कोणत्या रंगाचे असावे हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

तळे, खाडी आणि समुद्र ही तीन पाणी आपल्याला वेगळी वाटतात, माशांना ती तशी वाटत नाहीत. जिताडा, ज्याला तळकोकणात खजुरा आणि गोव्यात चणक म्हणतात, खाडीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. त्याची पिल्ले भरतीबरोबर कांदळवनात आणि खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या सखल जमिनीत, शिरतात, पावसाळ्यात थेट गोड्या ओढ्यांपर्यंत चढतात आणि मोठी झाल्यावर पुन्हा खाली उतरतात. तांबोशीचे लहानपण खाडीतल्या मुळांत आणि खडकांच्या कपारींत जाते आणि काही वर्षांनी ती खोल पाण्यातल्या खडपांवर राहायला जाते. खाडीत अर्ध्या-एक किलोची तांबोशी मिळते आणि बाहेरच्या खडपावर पाच-सहा किलोची, याचे कारण हेच आहे. वरच्या ओढ्यावर बंधारा झाला किंवा खाडीकाठचे कांदळवन तोडले गेले, तर त्याचा परिणाम काही वर्षांनी दहा वाव, म्हणजे सुमारे अठरा मीटर, पाण्यातल्या गळावर दिसतो.

दिवस कसे ठरवावेत

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी आणि जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते असे समजावे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, अष्टमीला सहा. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. हा आडाखा मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला अधिक जवळचा बसतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला ती साधारण पाऊण ते एक तास आधी पूर्ण होते, तेवढा वेळ वजा करावा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी हे सगळे सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. प्रत्यक्ष गळ टाकायच्या दिवशी छापील तक्ता किंवा मोबाइलवरचे भरतीचे अॅप पाहावेच, परंतु चार महिने आधी रजेचा अर्ज करताना भिंतीवरची दिनदर्शिका आणि पाऊणपटीचा हिशेब एवढे पुरते.

भरतीच्या वेळेइतकाच तिचा जोरही महत्त्वाचा असतो. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाण्याची हालचाल मंदावते. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, मालवणकडे तो दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या खाड्यांत प्रवाह तुलनेने सौम्य असतो. खाडीतल्या शिकारी माशाला वाहते पाणी हवे असते, कारण वाहते पाणीच त्याच्या तोंडाशी कोळंबी आणि बोयटीसारखे छोटे मासे आणून सोडते. खडपावर मात्र जोराचा प्रवाह आपल्यालाच नको असतो. शिसे तळाला टिकत नाही, दोरी धनुष्यासारखी वाकते आणि मासा केव्हा टोचला हे हाताला कळत नाही.

यावरून सहलीचा आराखडा आपोआप तयार होतो. चतुर्थीच्या दुपारी पोहोचावे आणि संध्याकाळ तळ्यावर घालवावी, कारण गोड्या पाण्याला तिथीचे बंधन नसते. पंचमीला मालवणकडे सकाळी नऊच्या सुमारास आणि षष्ठीला पावणेदहाच्या सुमारास ओहोटी पूर्ण होते. खाडीतले सर्वांत चांगले दोन तास त्याच्या आधीचे, म्हणजे ते नेमके कोवळ्या उन्हात येतात. सप्तमी विश्रांतीची, दोऱ्या बदलण्याची आणि पुन्हा संध्याकाळी तळ्यावर जाण्याची. अष्टमीला भांग असतो, त्या दिवशी पहाटे होडीने बाहेर पडून खडप गाठावे. हाच क्रम उलटा केला, म्हणजे पौर्णिमेला खडपावर आणि अष्टमीला खाडीत गेले, तर उत्तम सामान असूनही माणूस दोन्ही ठिकाणी रिकाम्या हाताने परततो आणि दोष ल्युअरला देतो.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच धरावेत. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्यामुळे हौशी माणसाने तो कोणत्याही पळवाटेशिवाय पाळावा. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्र खवळलेला आणि खाड्या गढूळ असतात. मार्चनंतर दुपारचे वारे वाढत जातात. तेव्हा खडपावर जायचे असेल तर सकाळी दहाच्या आत परतावे लागते.

परवानगी आणि सोडून द्यायच्या जागा

धरणांच्या जलाशयांतील आणि अनेक तलावांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिलेले असतात. तलाव ओसाड दिसला म्हणून तो बेवारस नसतो. गावात विचारावे, संस्थेच्या माणसाला भेटावे, शुल्क असेल तर ते भरून पावती घ्यावी. देवस्थानच्या तळ्यात आणि कोंडीत गळ टाकू नये. महाडजवळचा वाळण कोंड असो वा इंद्रायणीवरची देहू-आळंदी, तिथले महाशीर भाविकांच्या श्रद्धेमुळेच टिकले आहेत आणि बाकीच्या नद्यांतून ते किती कमी झाले आहेत हे पाहिले की त्या श्रद्धेचे मोल कळते.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक आणि पद्मगड हा त्याचा गाभा आहे; तो भाग पूर्णपणे वगळावा, जवळ आहे आणि मासे दिसतात म्हणून मोह होऊ देऊ नये. प्रवाळ, समुद्रघोडे, करवत मासा आणि अजस्र वाढणारा महाकाय हेकरू यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय २०२३ साली महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. ही यादी मत्स्यव्यवसाय खात्याच्या स्थानिक कार्यालयात पाहून घ्यावी आणि सोबत मोजपट्टी ठेवावी. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेची चौकशी हल्ली अनेक जण करतात. छोट्या होडीने जाण्याची ती जागा नव्हे, एवढेच उत्तर पुरेसे आहे.

तळ्यावरची मरळ

मरळ ही गोड्या पाण्यातली खरी शिकारी आहे. तिला हवेतला प्राणवायू घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर यावेच लागते, त्यामुळे ती कमळाच्या पानांत, पाणगवतात, अगदी गुडघाभर कोमट पाण्यातही तग धरते आणि तिची जागा शोधणे त्यामानाने सोपे असते. तळ्याच्या काठी पोहोचल्यावर लगेच रॉड जोडू नये. दहा मिनिटे सावलीत उभे राहून पाहावे. गवताच्या फटीत एखादा मंद फुगा फुटतो, पाणी हलकेच वर येऊन पुन्हा सपाट होते, ती मरळ श्वास घेऊन गेलेली असते. काही मिनिटांनी ती त्याच्या आसपासच पुन्हा वर येते.

इथे आमिषापेक्षा ल्युअर सरस ठरते, तेही पोकळ रबरी बेडकाचे. त्याचे दोन्ही काटे पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून ते गवतावरून ओढले तरी अडकत नाही. साडेसहा-सात फुटांचा थोडा ताठ रॉड आणि १५ किलो ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणलेली, दोरी लावावी. पातळ दोरीने मासा लागेल, पण गवतातून बाहेर निघणार नाही. बेडूक फुग्याच्या नेमक्या जागी टाकू नये, त्याच्या पलीकडे चार-पाच फुटांवर टाकून जागेवरून ओढत आणावा, गवताच्या कडेला दोन क्षण थांबवावा आणि पुन्हा हलवावा. पाणी फुटल्याचा आवाज येताच रॉड ओढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मरळ बेडूक आधी तोंडात दाबते आणि मग खाली नेते. दोरी ताणली जाऊन तिचे वजन हाताला जाणवेपर्यंत थांबावे आणि त्यानंतर जोरात, वरच्या दिशेने झटका द्यावा. एवढा धीर अंगी यायला वेळ लागतो, आणि तो येईपर्यंत निम्म्या मरळी सुटतात.

एक प्रसंग मात्र ओळखता आला पाहिजे. पावसाळ्यात आणि त्यानंतर कधीकधी पृष्ठभागावर तांबूस-नारिंगी रंगाच्या इवल्या पिल्लांचा गोळा एकत्र वर-खाली होताना दिसतो. त्याखाली नर-मादी पहारा देत असतात आणि त्या गोळ्यावरून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतात. त्यांना पकडणे सोपे आहे, म्हणूनच त्या जागी बेडूक टाकू नये. पालक गेले की पिल्ले काही तासांत इतर माशांच्या पोटात जातात.

रोहू आणि कटला यांच्यासाठी आमिष लागते. शेंगदाण्याची पेंड भाजून कुटावी, त्यात तांदळाचा कोंडा आणि चिकटपणापुरती कणीक घालून घट्ट मळावी. गोळी पाण्यात पाच-सात मिनिटे टिकून हळूहळू सुटली पाहिजे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. गळ किती खोल ठेवायचा हे त्यावरून ठरवावे. ज्यांना शांत बसून तरंगता बोंडा पाहण्यात आनंद वाटतो त्यांच्यासाठी ही मासेमारी उत्तम आहे. माझा जीव त्यात फारसा रमत नाही, म्हणून इथेच थांबतो. मात्र तळ्यात उतरण्यापूर्वी पायावर जखम नाही ना हे पाहावे, कारण पावसाळा संपताना या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. तेरेखोल आणि तिलारीच्या पात्रांत मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यातही उभे राहू नये.

खाडीतले दोन तास

देवबागेजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथून आत जाताना दोन्ही काठांना कांदळवन आणि मधूनमधून खाजणांतून पाणी सोडणारे छोटे नाले दिसतात. ओहोटी लागली की कांदळवनात पसरलेले पाणी या नाल्यांतून मुख्य प्रवाहात येते आणि त्याबरोबर आत आश्रयाला गेलेली कोळंबी आणि बोयटी बाहेर पडतात. नाल्याच्या तोंडाशी स्वच्छ आणि गढूळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. जिताडा त्या रेघेच्या गढूळ बाजूला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. होडी नाल्यासमोर आणू नये. वरच्या अंगाला वीस-पंचवीस मीटरवर नांगर हळूच सोडावा, इंजिन त्याआधीच बंद झालेले असावे आणि होडीच्या फळीवर काही आपटू नये.

जिवंत कोळंबी हे खाडीतले पहिल्या पसंतीचे आमिष आहे आणि ती गळाला कशी लावली यावर बरेच अवलंबून असते. कोळंबीच्या डोक्यावर पुढे आलेला करवती काटा असतो आणि त्याच्या मुळाशी, कवचातून आरपार दिसणारा एक काळसर ठिपका असतो. गळ त्या काट्याच्या खालून, ठिपक्याच्या पुढच्या बाजूने आडवा पार करावा. ठिपक्याला टोचले तर ती जागीच मरते. नेमका टोचला तर अर्धा तास तडफेने उड्या मारत राहते आणि त्या उड्याच माशाला बोलावतात. गळ २/० किंवा ३/० मापाचा, वर्तुळाकार घ्यावा. वर्तुळाकार गळावर झटका देण्याची गरज नसते, किंबहुना तो देऊच नये. मासा वळून पळू लागला की दोरी ताणून धरावी, गळ आपसूक ओठाच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा सोडायचा असला तर तो जगतोही. शिसे शक्य तितके हलके, प्रवाहाने आमिष नैसर्गिकपणे वाहत जाईल इतकेच असावे.

कोळंबी कोळ्यांकडून किंवा पाग (फेकजाळे) टाकणाऱ्याकडून आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते. ती झाकण उघड्या बादलीत, खाडीच्याच पाण्यात, बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपासह ठेवावी आणि गर्दी करू नये. बर्फ बादलीत टाकायचा नाही. पिशवीत बांधून बादलीच्या बाहेरून लावायचा.

ल्युअर वापरायचे असेल तर नऊ ते बारा सेंटिमीटरचे, दीड-दोन मीटर खोल जाणारे माशाच्या आकाराचे ल्युअर किंवा दहा ग्रॅमच्या जिगवर (वजन लावलेल्या गळावर) लावलेला मऊ रबरी मासा घ्यावा. गढूळ पाण्यात सोनेरी आणि गडद, निवळ पाण्यात चंदेरी, यापलीकडे रंगाचा विचार करण्यात वेळ घालवू नये. खेचण्याची पद्धत अधिक महत्त्वाची आहे: दोन छोटे झटके, मग तीन आकडे मोजेपर्यंत पूर्ण थांबणे, मग पुन्हा झटके. जिताडा बहुधा थांबलेल्या ल्युअरवर येतो. तांबोशी मात्र चालत्या ल्युअरवर धडकते आणि धडकल्याच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत परत कपारीत शिरते. म्हणूनच खडकांजवळ किंवा जेटीच्या खांबांजवळ गळ टाकताना रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटण्याला आवर घालणारा ब्रेक, घट्ट असावा आणि मासा लागताच रीळ फिरवत त्याला बाहेर काढावे. तो पळून दमेल अशी वाट पाहण्याची मुभा तांबोशी देत नाही.

दहा ते चौदा किलोची ब्रेडेड दोरी आणि तिच्या पुढे दोन हात लांब, १८-२० किलोचा जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा, असे सामान खाडीला पुरते. तंगूस लावण्याचे कारण कालवे हे आहे; खांबांवरच्या आणि खडकांवरच्या कालवांच्या कडा ब्रेडेड दोरी क्षणात कापतात. प्रत्येक माशानंतर तंगूस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून वरून खालपर्यंत ओढून पाहावा. जिथे खरखरीत लागेल तिथून कापावा आणि गाठ नव्याने मारावी. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापून कमजोर होते.

पाणी उतरून संपले की अर्धा तास सगळे थंडावते. त्या वेळात न्याहरी करावी. भरती सुरू झाली की पालू आणि काळुंदर काठाच्या दगडांकडे सरकतात. त्यांना छोट्या गळावर सोललेल्या कोळंबीचा तुकडा पुरेसा असतो, आणि सोबत मुले असतील तर त्यांच्यासाठी सहलीतला सर्वांत मजेचा तास हाच ठरतो.

अष्टमीची होडी

खडपावर जाण्यासाठी होडी ठरवताना इंजिनाच्या ताकदीपेक्षा तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाची, माहिती महत्त्वाची असते. मालवण, निवती, देवगड या बाजूला किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर, पंधरा ते पंचवीस मीटर पाण्यात बुडालेली अनेक खडपे आहेत आणि ती जुने तांडेल जमिनीवरच्या दोन खुणा जुळवून शोधतात; एखादा कडा आणि त्यामागचा माड, दीपगृह आणि डोंगराची खिंड अशा दोन जोड्या एका रेषेत आल्या की होडी खडपावर असते. जीपीएस असले तरी ही पद्धत पाहून घ्यावी. होडी नोंदणीकृत असावी, प्रत्येकाला लाइफ जॅकेट असावे, आणि परतीची वेळ निघण्यापूर्वी ठरलेली असावी. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतात, तेव्हा पाणी सपाट असते. ऊन चढल्यावर खारे वारे सुरू होतात आणि लाटा उठतात. अष्टमीला मालवणकडे भरती पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे सहाला निघून अकरापर्यंत मंद ओहोटीवर मासेमारी करून वारा वाढण्याआधी परतता येते.

वाटेत रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या) किंवा तरंगत्या जाळ्यांच्या खुणा दिसल्या तर वळसा घालून जावे आणि त्यांच्या जवळ ल्युअर ओढू नये. ज्याचे घर त्या जाळ्यावर चालते त्याच्यापेक्षा आपली हौस मोठी नसते.

नांगर खडपावर टाकू नये. तो प्रवाळ मोडतो, अडकतो आणि मासेही बिथरतात. होडी प्रवाहाच्या वरच्या अंगाला, वाळूवर नांगरावी आणि दोर सोडत मागे खडपाच्या कडेपर्यंत आणावी. आमिष म्हणून माकूल (स्क्विड) सर्वांत उपयोगी, कारण ते चिवट असते आणि छोटे मासे त्याचे लचके पटकन तोडू शकत नाहीत. बोटाएवढी रुंद, वीतभर लांब पट्टी कापून ती एका टोकाला एकदाच ५/० च्या वर्तुळाकार गळात ओवावी, म्हणजे उरलेली पट्टी पाण्यात फडफडत राहते. पट्टी गळावर गोळा करून लावली तर ती भोवऱ्यासारखी फिरते आणि तंगूसाला पीळ पडतो. तारली किंवा बांगड्याचा अर्धा तुकडाही चालतो, विशेषतः हेकरूसाठी, पण तो प्रत्येक वेळी गळ टाकताना बदलावा लागतो. शिसे तळाला लागले की दोन हात वर उचलून धरावे. तळाला पडून राहिलेला गळ खडपात अडकतो.

इथे २२ ते २५ किलोची ब्रेडेड दोरी आणि ३५ किलोचा तंगूस हवा. ड्रॅग अंदाजाने न लावता घरीच वजनकाट्याला दोरी बांधून लावावा. दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांश वजनावर ती सुटू लागली पाहिजे. पंचवीस किलोच्या दोरीला आठ किलोचा ओढा हाताला किती जड लागतो हे एकदा अनुभवले की माणूस ड्रॅग उगाच पिरगाळत नाही. हेकरू लागला की तो कपारीत शिरून गालफडे फुगवून बसतो. अशा वेळी ओढत राहून दोरी तोडण्यापेक्षा ती पूर्ण सैल सोडावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे. ताण गेला की तो अनेकदा स्वतःहून बाहेर येतो, तेव्हा एका दमात वर उचलावा.

साठ ते ऐंशी ग्रॅमचे धातूचे जिग तळाला सोडून लयीत वर झटकत आणले तर कोकर जातीचे मासे येतात. खडपाच्या वरच्या थरात पक्षी घिरट्या घालत असतील आणि पाणी उकळल्यासारखे दिसत असेल तर पॉपर, म्हणजे पृष्ठभागावर पाणी उडवणारे ल्युअर, टाकावा, पण होडी त्या थव्यात घालू नये, कडेने न्यावी. सुरमईसाठी परतीच्या वाटेवर ल्युअर होडीमागे तीस-चाळीस मीटरवर सोडून तासाला नऊ-दहा किलोमीटरच्या वेगाने ओढावे. तिचे दात तंगूस कापतात, म्हणून गळापुढे वीतभर तार लावावी. पुन्हा पुन्हा दोरी कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ तुटू लागली तर तिथे सुरमई आहे असा आनंद करण्यापूर्वी अंग फुगवणाऱ्या केंड माशांचा संशय घ्यावा आणि जागा बदलावी.

हात, काटे आणि बर्फ

वर आलेला मासा ओळखू येईपर्यंत त्याला हात लावू नये. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे दातेरी आणि विषारी असतात. पाकटाचा काटा शेपटीवर असतो, आणि काही खडकमाशांचे काटे त्याहून वाईट. असा काटा लागला तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. वेदना बरीच कमी होते, आणि मग डॉक्टरकडे जावे. होडीवर गरम पाण्याचा थर्मास यासाठीही असावा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, कल्ल्यात बोटे घालून तो उचलू नये. तांबोशीला सुळे असतात. केंड खाऊ नये आणि कुणाला देऊ नये, त्याचे विष शिजवल्याने जात नाही. समुद्रसाप गळाला आला तर दोरी कापावी.

काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय जातीनुसार बदलतो. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे खाडीतला दहा-बारा किलोचा जिताडा ही जवळजवळ नक्कीच लाखो अंडी देणारी मादी असते. तिला सोडावे आणि दोन-तीन किलोचा मासा ठेवावा. हेकरूत याच्या उलट होते, लहान माद्या आणि मोठे नर असतात. एका खडपावरचे सगळे मोठे हेकरू काढले तर तिथे नरच उरत नाहीत, म्हणून एका जागी एकच ठेवावा. सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा, आडवा धरावा, पाण्याबाहेर श्वास रोखून धरता येईल तेवढाच वेळ ठेवावा.

ठेवायचा मासा लगेच मारून कल्ल्याखालची शीर कापावी, रक्त वाहून जाऊ द्यावे आणि त्याला बर्फ व समुद्राचे पाणी यांच्या राबडीत ठेवावे. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा त्यात तो फार लवकर थंड होतो. सुरमई आणि बांगडा यांच्या बाबतीत यात हयगय चालत नाही, कारण हे मासे उन्हात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होते आणि ते तळूनही नष्ट होत नाही. चार माणसांच्या दिवसाला वीस किलो बर्फ धरावा आणि तो आदल्या संध्याकाळीच बर्फाच्या कारखान्यातून घ्यावा, पहाटे पाचला तो उघडा असेलच असे नाही. तांडेलाचे पैसे ठरल्याप्रमाणे द्यावेतच, शिवाय पकडलेल्यातला एक चांगला मासा त्याला आधी निवडू द्यावा. पुढच्या वर्षी त्याला कोणते खडप आठवेल हे बरेचसे त्यावर अवलंबून असते. रिळे त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली, ड्रॅग घट्ट करून धुवावीत, कारण जोराच्या फवाऱ्याने मीठ आत शिरते, आणि पुसून सावलीत वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावीत.